पितांबरातली सिंहीण

“ओंजळ करा, ताई. घट्ट करा. देव लहान आहे, बोटांतून निसटतो.”

आक्का निगुडकरांनी ताम्हनातला देव उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. संध्याकाळी नरसिंहाच्या देवळात जन्माचं कीर्तन होतं, आणि ते माझं होतं. कुरणगडची रीत अशी, की सूर्य टेकला की कीर्तनकारानं देवळाच्या उंबऱ्यावर उभं राहून नरसिंह ओंजळीत धरायचा आणि साऱ्या गावाला दाखवायचा. देवळातली मूर्ती माणसाएवढी, काळ्या दगडाची. ती काय हलणार? म्हणून पाळीपाळीनं एकेका घरचा देव तिथे येतो. त्या वर्षी मान निगुडकरांचा होता. आक्का म्हणाल्या, हाताला सवय होऊ दे, आत्ताच एकदा धरून बघा.

मी धरला. अंगठ्याएवढा देव. अंगावर जरीचा पितांबर, गळ्यात मोत्यांची सर, उघडं काय ते सिंहाचं तोंड. रंग पांढुरका, खडूसारखा. माझं बोट सहज मागून फिरलं आणि पितांबराच्या आत कशाला तरी अडकलं. पाठीवर एक बारीक कडी होती. दोरा ओवायची.

मूर्तीला पाठीवर कडी कशाला लागते?

“आक्का, देव पांढरा आहे की हो. संगमरवराचा का?”

“छे हो, ताई. आला तेव्हा मोराच्या मानेसारखा निळा होता. रोज पंचामृत घालते, दर शनिवारी लिंबू लावून घासते. निळेपणा हळूहळू गेला. माझे केस आणि देव बरोबरच पांढरे झाले म्हणा.” त्या बोळक्या तोंडानं हसल्या. मग दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. “एक सांगू? कुणाला बोलू नका. पितांबराखाली अंग बाईचं आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. लक्ष्मी आणि नरसिंह दोन्ही एकाच अंगात. असा देव कुठे बघितलाय का?”

मी देव खिडकीच्या उजेडाकडे वळवला. कानामागच्या खाचेत, जिथे लिंबू पोचलं नव्हतं, तिथे निळ्या रंगाचा एक ठिपका शिल्लक होता.

“बघितलाय,” असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

कुरणगडच्या राजेसाहेबांना प्रवासाची हौस. ते मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला, जाऊन आले ते मखमलीचा एक ट्रे भरून जनावरं घेऊन आले. मांजर, बेडूक, मगर, पाणघोडा, लांब चोचीचा बगळा, आणि एक सिंहाच्या तोंडाची बाई. सगळी अंगठ्याएवढी, सगळी निळी. ते ताईत होते. तिकडचे लोक ती जित्या माणसाच्या गळ्यात बांधत आणि मेलेल्याला गुंडाळायच्या पट्ट्यांतही ठेवत. राजवाड्याचं म्युझियम झालं तेव्हा तो ट्रे काचेच्या कपाटात गेला, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या वडिलांच्या कमरेला आली. दिगंबर सबनीस त्यांचं नाव. आम्ही त्यांना नाना म्हणायचो.

नानांना दोनच वेडं. एक ती जनावरं आणि एक कीर्तन. नरसिंहाच्या देवळात नागेशबुवांच्या मागे झांज धरायला नाना उभे असायचे. त्यामुळे घरी जनावरांच्या गोष्टीसुद्धा ते बुवांच्या थाटात सांगत. “ही चिनी माती नव्हे बरं, कुमुद. पांढरी वाळू दळायची, त्यात खार मिसळायचा, तांब्याची पूड घालायची आणि भाजायचं. भट्टीत घालताना मळकं, निघतं ते निळं. याला म्हणायचं फायान्स.” सिंहाच्या तोंडाच्या बाईचं नाव सेखमेत. सूर्यदेवाची ती लेक. माणसं माजली म्हणून बापानं तिला पाठवलं, तर ती रक्ताला अशी चटावली की थांबेना. शेवटी दारूचे घडे लाल रंगवून तिच्या वाटेत ओतले. रक्त समजून ती प्यायली, झोपली, आणि जग वाचलं.

“नाहीतर आज तू नि मी नसतो,” असं म्हणून नाना झांजेचा एक ठोका देत.

एका वैशाखात तीच बाई ट्रेमधून नाहीशी झाली.

कपाटाची दुसरी किल्ली म्युझियमचे साहेब भालचंद्र निगुडकर यांच्याकडे असे. साहेब शिकलेले, चित्रं सुरेख काढत, आणि चित्र काढायला म्हणून वस्तू कधीमधी घरी नेत. नानांनी चौकशीत तेवढंच सांगितलं. निगुडकर म्हणाले, “मी कधीही काहीही घरी नेलेलं नाही.” साहेबांचा शब्द आणि झांज धरणाऱ्याचा शब्द. कुणाचा वजनदार ठरला ते सांगायला नको.

नोकरी गेली हे आईनं सोसलं. गावानं मात्र गंमत मांडली. विसूभाऊ शेटे म्हणून देवळाचे पंच होते, त्यांची जीभ फार चालायची. भर बाजारात विचारायचे, “काय सबनीस, सिंह पाळलात म्हणे घरी? खायला काय घालता त्याला?” आणि मग एक दिवस त्याच विसूभाऊंनी येऊन सांगितलं, की नाना, आता बुवांच्या मागे उभे राहू नका, लोक कुजबुजतात, देवळात नकोच.

देवळाच्या डाव्या अंगाला भिंतीपलीकडे बकुळीचं झाड आहे, त्याला पार आहे. नाना त्या पारावर बसून कीर्तन ऐकू लागले. मांडीवर हात झांजेसारखे हलायचे. नागेशबुवांना ते ठाऊक होतं. त्यांना पंचांपुढे बोलता आलं नाही, पण डावीकडे वळले की ते आवाज चढा लावायचे. आम्ही गाव सोडलं तोवर हे असंच चाललं. परगावी नाना फार जगले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, “कुमुद, त्या देवळात एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं गं, की सबनीसनं घेतलं नाही.”

मी कीर्तन शिकले ते नागेशबुवांकडेच, आणि शिकले ते देवासाठीच. हे खोटं नाही. पण लग्नानंतर कुमुदिनी ठोसर या नावानं मला कुरणगडचं आमंत्रण आलं, यजमान म्हणून निगुडकरांचं नाव वाचलं, तेव्हा मी देवाला नमस्कार करायच्या आधी मनाशी म्हटलं, आला, हातात आला. भर कीर्तनात नानांची गोष्ट सांगायची, निगुडकरांच्या डोळ्यांत बघून सांगायची, एवढंच ठरवून मी निघाले होते. पुरावा म्हणून हातात काही नव्हतं.

आता ओंजळीत होता.

“आक्का, देव कशाला काढलात बाहेर?” दारात निगुडकर उभे होते. पांढरा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. माझ्या ओंजळीतून देव त्यांनी जवळजवळ हिसकून घेतला. “ताई, हा फार नाजूक आहे. मी म्हणतो, संध्याकाळी चांदीचा नरसिंह नेऊ. दिसायलाही मोठा.”

“हे बघा,” आक्का मला म्हणाल्या. “दर पाळीला हा काहीतरी काढतो. एकदा म्हणे सुतक, एकदा म्हणे देवाच्या अंगाला चीर गेलीय. अरे भालू, मी आता किती पुरणार? एकदा माझा देव गावाला दिसू दे की.”

“आक्का, तुम्हाला कळत नाही.”

“आक्कांचाच येऊ द्या, साहेब,” मी म्हटलं. “मी ओंजळ घट्ट धरीन.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काहीतरी आठवतंय पण नेमकं सापडत नाही, अशी ती नजर होती. मी चहाचा कप उचलला.

देऊळ गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत खांबाला टेकून आक्का, शेजारी निगुडकर, आणि त्यांच्या बाजूला विसूभाऊ शेटे. विसूभाऊ थकले होते, जीभ तेवढी तरतरीत होती. मी गादीवर उभी राहिले तेव्हा म्हणाले, “ताई, आमचा नरसिंह कडक आहे हं. आवाज दाबून काढलात तर गुरगुरतो.”

“गुरगुरू द्या,” मी म्हटलं. “आज त्याच्यासाठीच आलेय.” लोक हसले.

कीर्तनाची गादी म्हणजे नुसतं अंथरूण नव्हे. ती नारदाची. तिच्यावर उभं राहून खोटं बोलायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नागेशबुवा तर गादीवर असताना कुणी “बरं आहे ना?” विचारलं आणि ताप असला, तर ताप आहे असंच सांगत.

पूर्वरंगात मी विषय घेतला तो लपण्याचा. देव खांबात लपतो, आणि माणूस कुठे कुठे लपतो. मग दृष्टांत म्हणून मिसर देशातली सूर्याची लेक काढली. सिंहाचं तोंड, बाईचं अंग. मी तिला नाचवली, गुरगुरवली, घडे पाजून झोपवली. पोरं खूश झाली. आक्का मान डोलावत होत्या. निगुडकरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

मध्यंतरी यजमानांनी हार घालायचा, बुक्का लावायचा. निगुडकर पुढे आले. हार घालताना हळूच म्हणाले, “ताई, माहेर कुठलं तुमचं?”

“इथलंच,” मी म्हटलं, आणि झांज वाजली.

त्यांचा हात माझ्या कपाळाशी तसाच राहिला. बुक्का माझ्या नाकावर सांडला.

पुढचं आख्यान मी कसं केलं ते मला आजही सांगता येणार नाही. कधीकधी गळा आपला राहत नाही. तो बाळभक्त, त्याचा तो माजलेला बाप, “कुठे आहे तुझा देव, या खांबात आहे का?” असं विचारणं. मी विचारलं तेव्हा मृदंगवाल्याचा ठेका चुकला. बाहेर ऊन तांबूस झालं. गुरवानं खूण केली. मी उंबऱ्यावर आले, खांब फुटला असं म्हणून हात पसरले, आणि आक्कांनी स्वतः, दोघींच्या आधारानं चालत येऊन, आपला देव माझ्या ओंजळीत ठेवला. शंख, घंटा, गुलाल. सगळं गाव हात जोडून त्या पितांबराकडे बघत होतं.

कुरणगडची आणखी एक रीत आहे. जन्म झाला की यजमानानं कीर्तनकाराला म्हणायचं, देव ओंजळीत आहे, मागणं मागा. मागायचं ते गमतीचं. कुणी म्हणे यजमानांनी फुगडी घालून दाखवावी, कुणी म्हणे विसूभाऊंनी उद्यापर्यंत गप्प बसावं. नाकारायचं नाही, एवढाच नेम.

निगुडकर पितांबराकडेच बघत होते. विसूभाऊंनीच त्यांना कोपरानं ढोसलं. “म्हणा की साहेब.”

“मागणं मागा,” ते म्हणाले.

“माझं मागणं साधं आहे,” मी म्हटलं. “असा देव मी कुठल्याच घरी बघितला नाही. तो तुमच्या घरी कसा आला, तेवढी कथा सांगा. इथे, गादीवर उभे राहून.”

देव एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं मी गळ्यातला हार काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. लोकांना मौज वाटली. टाळ्या पडल्या.

“आक्का दमल्यात,” निगुडकर म्हणाले. “आरती करून घेऊ.”

“मी कुठे दमलेय?” आक्का म्हणाल्या. “सांग की.”

“साहेब, मागणं नाकारता येत नाही हं,” विसूभाऊ म्हणाले. “आम्ही फुगड्या घातल्यात.”

निगुडकर गादीकडे गेले. उंबऱ्यापासून गादीपर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. तिच्यावर पाय ठेवताना त्यांनी खाली पाहिलं, जसं पाण्यात उतरताना माणूस पाहतो.

“हा देव,” त्यांनी सुरुवात केली, “आमच्या पूर्वजांपासून आमच्या घराण्यात...”

“पूर्वज कुठले रे?” आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. “तू आणलास की.”

लोक पुन्हा हसले. आक्का वळून सगळ्यांना सांगू लागल्या. म्हाताऱ्या माणसाला ऐकणारं गाव मिळालं, ती कशाला थांबते? “अहो, यानं चित्र काढायला म्हणून म्युझियममधून घरी आणला. मी टेबलावर बघते तर साक्षात नरसिंह. आमचं कुलदैवत. म्हटलं, देव असा शाईच्या दौतीजवळ ठेवतात? मी सोवळं नेसले, गुरुजींना बोलावलं, प्राणप्रतिष्ठा केली. हा संध्याकाळी आला नि म्हणाला, आक्का, परत द्यायचाय. मी म्हटलं, प्राण घातलेला देव परत कसा द्यायचा? अन्न सोडलं मी. मग म्हणाला, बरं, मी वर सांगून ठेवतो, राहू दे.”

“कोणत्या साली हो, आक्का?” विसूभाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज आता वेगळा होता.

“साल नाही आठवत. पण वैशाखच. ते सबनीस नव्हते का म्युझियममधले, त्यांनी तो सिंह चोर...”

आक्का थांबल्या.

त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. आपण काय म्हटलं ते त्या आपल्याशीच पुन्हा ऐकत होत्या. त्यांनी माझ्या ओंजळीकडे पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं.

“भालू,” त्या म्हणाल्या, “तो सिंह कोणता?”

हार घातलेला तो माणूस गादीवर उभा होता. उतरायची त्याला सोय नव्हती, आणि त्या गादीवर दुसरं काही बोलायचीही सोय नव्हती. खरं सांगते, मला दया आली नाही. माझ्या वाटेवर कुणी लाल घडे ओतून ठेवले नव्हते.

“साहेब,” मी म्हटलं, “मी सबनिसांची कुमुद. कथा अर्धी राहिलीय.”

त्यांनी चष्मा काढला. “हाच,” ते म्हणाले. “सबनिसांनी घेतला नव्हता.”

“ऐकू आलं नाही.” मी डावीकडे बोट केलं. “त्या भिंतीपलीकडे जायला हवं. बकुळीपर्यंत.”

मग ते मोठ्यानं म्हणाले. भिंतीपलीकडे जाईल इतक्या मोठ्यानं, शब्द न् शब्द. “दिगंबर सबनिसांनी काही घेतलं नव्हतं. मी नेलं होतं. मी खोटं बोललो.”

विसूभाऊंनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडेही नीट बघून घेतलं, सोडलं नाही. मग देव आरतीच्या ताम्हनात ठेवला, झांज उचलली आणि आरती धरली. जन्म झाला होता, आरती तर व्हायलाच हवी. नानांच्या ठेक्यात धरली.

आरतीनंतर आक्का माझ्याजवळ आल्या. दोघींनी त्यांना धरून आणलं होतं. मघापर्यंत मला अहोजाहो करत होत्या, आता एकेरीवर आल्या. “कुमुद, चोरीच्या देवाला केलेला नमस्कार कुठे जातो गं? इतकी वर्षं केला मी.”

रागानं मी पेटले होते, पण त्या प्रश्नाला रागानं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. “देव चोरीचा होता, आक्का,” मी म्हटलं. “नमस्कार नव्हता. तो पोचला.”

त्यांनी ताम्हनातला देव उचलला, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि विसूभाऊंच्या हाती दिला. “म्युझियममध्ये द्या. पण पितांबर उतरवू नका कुणी. तिकडे पुरुषमाणसं असतात.” मोत्यांची सर मात्र त्यांनी काढून घेतली.

आता ती सिंहीण काचेच्या कपाटात बेडकाशेजारी बसलेली आहे. सगळी जनावरं निळी, ती एकटी पांढरी, आणि जरीच्या पितांबरात. पुढे आलेल्या साहेबांनी तो काढायला नको म्हटलं. आक्कांनी देवघरातल्या त्या जागी सुपारी मांडली आणि शेवटपर्यंत तिचीच पूजा केली. लिंबू न लावता.

कुरणगडला मला त्यानंतरही दर वैशाखात बोलावतात. मी जाते. पहिल्याच वर्षी जन्माच्या वेळी मी डावीकडे वळले, तर भिंतीपलीकडे बकुळीच्या पारावर पांढरा सदरा दिसला. त्यांना कुणी देवळात येऊ नका म्हटलेलं नाही. पंचांनी नाही, गावानं नाही. ते आपणहूनच तिथे बसतात. आख्यान रंगलं की मांडीवर त्यांचा हात हलतो.

मृदंगवाला एकदा मला म्हणाला, “ताई, म्हातारा झालाय आता. बोलवा की आत. तुम्ही बोलावलंत तर येईल.”

मी त्यांना आत बोलावत नाही. डावीकडे वळले की आवाज तेवढा चढा लावते.